विश्लेषण : जेबेल अलीत जमले, ते म्हसवडच्या माळावर जमेल?

बेंगळुरू-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरसाठी सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याचे, म्हसवड परिसराचे नाव पुढे आले, तेव्हापासून सातारा-सांगलीत एक तुलना वारंवार ऐकू येते. आखाती देशांनी वाळवंटात कारखाने उभे केले, मग माणदेशाच्या माळावर का होऊ नयेत? दुबई, अबुधाबी किंवा सौदीच्या जुबैलमध्ये नोकरी करून आलेले कोणी ना कोणी आता बहुतेक गावांत भेटते. त्यामुळे ही तुलना भाषणापुरती राहत नाही, पारावरही होते.

तुलना चुकीची नाही, पण अर्धी आहे. तिकडून परतलेल्याने रुंद रस्ते, रांगेने उभी गोदामे आणि रात्रंदिवस हलणाऱ्या क्रेन पाहिलेल्या असतात. त्यामागचा जमीन, ऊर्जा आणि पाण्याचा हिशेब सहसा सांगितला जात नाही. तो मांडला तर सातारा-सांगलीने आखाताकडून काय घ्यावे आणि कशाच्या नादी लागू नये, हे बरेच स्पष्ट होते.

जेबेल अलीत नेमके काय घडले?

दुबईला तेल सापडले १९६६ मध्ये, समुद्रातल्या फतेह क्षेत्रात. शेजारच्या अबुधाबीच्या मानाने साठा किरकोळ होता. तो संपायच्या आत दुसरे काही उभे केले पाहिजे, हे तेव्हाचे शासक शेख रशीद बिन सईद अल मक्तूम यांनी ओळखले होते. १९७२ मध्ये शहरालगत रशीद बंदर सुरू झाले. पाठोपाठ शहरापासून दूर, ओसाड किनाऱ्यावर जेबेल अली येथे त्याहून मोठे कृत्रिम बंदर खोदायला घेतले आणि १९७९ मध्ये ते सुरूही केले. एवढे मोठे बंदर करायचे काय, असा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला होता.

उत्तर १९८५ मध्ये मिळाले. बंदराला लागूनच मुक्त क्षेत्र जाहीर झाले. देशात इतरत्र परदेशी कंपनीला स्थानिक भागीदार घ्यावा लागे आणि त्याचा वाटा किमान ५१ टक्के असे. मुक्त क्षेत्रात मात्र पूर्ण मालकी परदेशी कंपनीची. कच्चा माल आणून पक्का माल बाहेर पाठवायचा तर आयात शुल्क नाही, नफा मायदेशी न्यायला अडकाठी नाही आणि परवाने, गाळा, वीजजोड, कामगारांचे व्हिसा एकाच कार्यालयातून. सुरुवात १९ कंपन्यांनी झाली. आज तिथे हजारो कंपन्या आहेत. संयुक्त अरब अमिरातीने जून २०२३ पासून कंपन्यांच्या नफ्यावर ९ टक्के कर लावला, पण मुक्त क्षेत्रांतल्या पात्र उत्पन्नाला त्यातून वगळले.

इथे क्रम महत्त्वाचा. आधी बंदर, मग वीज आणि पाणी, मग मुक्त क्षेत्र आणि शेवटी कंपन्या. आपल्याकडे हा क्रम बहुतेक वेळा उलटा असतो. आधी जमिनीची अधिसूचना निघते, मग फलक लागतो, काही वर्षांनी रस्ते होतात आणि पाण्याचे आरक्षण मिळेपर्यंत पहिल्या भूखंडधारकाचा उत्साह मावळलेला असतो.

तेल संपले तरी कारखाने का टिकले?

जेबेल अलीत १९७९ मध्येच दुबई ॲल्युमिनियमचा कारखाना सुरू झाला. दुबईत बॉक्साइट नाही. ॲल्युमिना जहाजाने आणावा लागतो. गोडे पाणी नाही आणि तेव्हा कुशल कामगारही नव्हते. होता तो स्वस्त नैसर्गिक वायू. ॲल्युमिनियम वितळवून काढण्याच्या धंद्यात विजेचा खर्च सर्वांत जड, म्हणून ज्याच्याकडे स्वस्त वीज त्याचा कारखाना टिकतो. या कारखान्याने स्वतःचे वीजकेंद्र उभारले आणि त्या केंद्रातून वाया जाणाऱ्या उष्णतेवर समुद्राचे पाणी गोडे केले. एका वायूतून वीज, धातू आणि पिण्याचे पाणी अशी तीन कामे झाली.

सौदी अरेबियाने हेच फार मोठ्या प्रमाणावर केले. तेलाबरोबर वर येणारा वायू तिथे विहिरीच्या तोंडाशीच जाळून टाकला जाई. तो गोळा करून वापरायचे ठरले आणि १९७५ मध्ये जुबैल व यान्बू या दोन औद्योगिक शहरांसाठी शाही आयोग नेमला गेला. जुबैल हे तेव्हा मासेमारीचे लहान गाव होते. पुढच्या वर्षी ‘साबिक’ ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि जळून जाणाऱ्या वायूपासून खते, प्लास्टिकचा कच्चा माल, रसायने बनू लागली.

म्हणजे आखाताने ‘कोणताही उद्योग या’ अशी हाक दिली नव्हती. आपल्याकडे जगापेक्षा स्वस्त काय आहे, ते आधी शोधले आणि त्यावर चालणारे उद्योग बोलावले. महाराष्ट्रातल्या किती औद्योगिक वसाहतींबाबत हा प्रश्न अधिसूचनेआधी विचारला गेला असेल?

औंधच्या राजाने दिलेला माळ

सातारा-सांगलीला हा विचार परका नाही. उलट तो इथे जेबेल अलीच्या कितीतरी आधी झाला होता. ‘औद्योगिक वसाहत’ हा शब्दही रुळलेला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा नांगरांचा कारखाना बेळगावात होता. तिथली जागा सोडावी लागली तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. त्यांनी आपल्या संस्थानातील कुंडलजवळचा निवडुंगाने भरलेला, सापांसाठी प्रसिद्ध असलेला ३२ एकरांचा माळ दिला आणि १० हजार रुपयांचे कर्जही दिले. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. जमीन पिकाऊ नव्हती, पण रेल्वेचे स्थानक हाकेवर होते आणि लोखंडी नांगर घेणारा शेतकरी कृष्णाकाठी होता. ही निवड डोळसपणे झालेली होती. पुढे १९१६ मध्ये कराड स्थानकाजवळ ओगले बंधूंचा काच कारखाना आला. तिथला ‘प्रभाकर’ कंदील खेड्यापाड्यांत पोहोचला आणि गावाचे नावच ओगलेवाडी झाले. साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये कारखाना काढला, त्यातून पुढे डिझेल इंजिने बनली. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते.

स्वातंत्र्यानंतर सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. पण उद्योगाची नाळ एकच राहिली : कृष्णेचे पाणी, पुणे-मिरज रेल्वे आणि लेथवर हात बसलेला कारागीर. औंधच्या राजाकडे तेलाचा पैसा नव्हता. जमीन देण्याचा अधिकार आणि चटकन निर्णय घेण्याची तयारी, एवढेच होते. शेख रशीद यांच्याकडेही या दोन गोष्टी होत्या. तेल ही त्यात पडलेली भर.

एमआयडीसीने काय दिले?

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ रोजी, १९६१ च्या कायद्याखाली स्थापन झाले. मुंबईत कोंबलेले उद्योग राज्यभर पसरावेत, हा हेतू. सातारा, वाई, कराडजवळचे तासवडे, लोणंद, फलटण, शिरवळ-खंडाळा, मिरज, कुपवाड, पलूस, इस्लामपूर, विटा, कडेगाव अशी यादी दोन्ही जिल्ह्यांत आज बरीच लांब आहे. काही ठिकाणी कामही जोरात आहे. फलटणला कमिन्सचा इंजिन उद्योग आला. खंडाळ्यात एशियन पेंट्सचा कारखाना उभा राहिला. पुणे जवळ आणि महामार्ग दाराशी, हे शिरवळ-खंडाळ्याचे भांडवल.

पण साताऱ्याने दुसराही अनुभव घेतला आहे. १९७५ मध्ये बजाज ऑटो आणि सरकारी पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली. साताऱ्यात ‘प्रिया’ स्कूटर बनू लागली. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबण्याचा तो काळ होता. मोठ्या कारखान्याभोवती सुटे भाग करणारे लहान कारखाने वाढतात, तसे इथेही झाले. पुढे देशाने स्कूटर सोडून मोटारसायकल धरली, साताऱ्यातले स्कूटरचे उत्पादन थांबले आणि एका मोठ्या गिऱ्हाइकावर जगणाऱ्या वसाहतीची अडचण उघडी पडली.

त्याहून खोल दोष जमिनीच्या व्यवहारात आहे. एमआयडीसी भूखंड साधारण ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते. सुरुवातीला एकरकमी अधिमूल्य भरायचे, नंतरचे वार्षिक भाडे नाममात्र. एकदा पैसे भरले की भूखंड रिकामा ठेवण्याचा खर्च जवळजवळ शून्य आणि दर वाढण्याची आशा मोठी. ठरल्या मुदतीत बांधकाम करण्याची अट असते, पण शुल्क भरून मुदतवाढ मिळते. म्हणून एकीकडे ‘भूखंड शिल्लक नाहीत’ अशी तक्रार आणि दुसरीकडे कुंपणाआड वाढलेल्या बाभळी, हे दृश्य एकाच वसाहतीत दिसते. जेबेल अलीत वार्षिक भाडे खरोखरीचे असते. कारखाना चालो वा न चालो, दर वर्षी ते भरावे लागते. जागा नुसती धरून बसणे तिथे परवडत नाही.

वाळवंट कोणाचे आणि माळ कोणाचा?

आखाताची तुलना सर्वांत आधी तुटते ती इथे. जेबेल अलीचे वाळवंट शासकाच्या मालकीचे होते. किर्लोस्करवाडीचा माळही संस्थानाने दिलेला. म्हसवडची जमीन मात्र सातबाऱ्यावर नावे असलेल्या कुटुंबांची आहे. एमआयडीसी कायद्याचे प्रकरण ६ लागू झाले, कलम ३२ खाली नोटिसा निघाल्या, की त्या सातबाऱ्यावरचे व्यवहार अडतात. प्रकल्प रेंगाळला तर शेतकऱ्याला ना जमीन विकता येते, ना तिच्यावर निश्चिंतपणे विहीर-पाइपलाइनचा खर्च करता येतो. आणि नेमके आताच माणमध्ये पाणी येऊ लागले आहे. उरमोडी आणि जिहे-कठापूर योजनांमुळे ज्या शिवारांनी पिढ्यान्‌पिढ्या टँकर पाहिला, तिथे डाळिंब आणि ऊस दिसू लागला. कालपर्यंत ‘पडीक’ असलेली जमीन आज तशी राहिलेली नाही, हे मोबदला ठरवणाऱ्यांनी लक्षात घेतले पाहिजे.

यावर उपाय आखातातच सापडतो, फक्त तो नीट वाचायला हवा. तिथे जमीनमालकाने जमीन विकली नाही. शासनसंस्था मालक राहिली आणि भाडे घेत राहिली. मग माणच्या शेतकऱ्याने एकदाच पैसे घेऊन बाहेर का पडावे? त्यालाही वार्षिक भाडे का मिळू नये? ही कल्पना हवेतली नाही. राज्य सरकारच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सौर प्रकल्पासाठी जमीन देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये भाडे आणि दर वर्षी त्यात ३ टक्के वाढ, अशी तरतूद आहे. सौर पॅनेलसाठी जे जमते, ते कारखान्याच्या शेडसाठी जमू नये असे कारण नाही. पुण्याजवळ मगरपट्ट्यात शेतकरी कुटुंबांनी जमिनी एकत्र करून स्वतःच नगर उभारले. तिथे पुण्याच्या बाजारभावाची साथ होती, ती म्हसवडला मिळणार नाही हे खरे. पण मालकी न सोडता विकासात उतरता येते, हे त्या प्रयोगाने दाखवले.

भाडे पद्धतीचा आणखी एक फायदा आहे. भाडे द्यायचे म्हटले की महामंडळही गरजेपेक्षा जास्त जमीन अडवणार नाही.

आधी दुकाने की आधी कारखाने?

औद्योगिक क्षेत्र जाहीर होण्याची नुसती कुणकुण लागली तरी रस्त्याकडेच्या जमिनींचे प्लॉटिंग सुरू होते. हॉटेल, मंगल कार्यालय, व्यापारी संकुल, ‘भविष्यातील एमआयडीसीपासून पाच मिनिटांवर’ अशा जाहिराती. यातही दुबईचा दाखला दिला जातो. तिथल्या उंच इमारती आणि मॉल सगळ्यांना माहीत असतात.

त्या इमारतींनीच दुबईला गोत्यात आणले होते, ही आठवण मात्र कमी जणांना आहे. २००२ पासून परदेशी लोकांना ठरावीक भागांत घरे घेता येऊ लागली आणि कर्जावर बांधकामांचा धडाका सुरू झाला. २००८ च्या जागतिक मंदीत भाव कोसळले. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘दुबई वर्ल्ड’ या सरकारी समूहाने कर्जफेड लांबणीवर टाकण्याची विनंती केली आणि जगभरचे बाजार हादरले. डिसेंबरमध्ये अबुधाबीने १० अब्ज डॉलर दिले, तेव्हा कुठे तातडीची देणी भागली. बंदर, मुक्त क्षेत्र आणि ‘नखील’ ही बांधकाम कंपनी, तिघेही याच समूहात होते. तातडीने अडकले होते ते नखीलचे रोखे. बंदरावर मालाची ये-जा चालूच होती.

पगार मिळू लागले की दुकाने आपोआप येतात. किर्लोस्करवाडीत बाजार कारखान्यामागून आला. म्हसवड परिसरात ज्यांनी कर्ज काढून प्लॉट घेतले आहेत, त्यांनी दुबईचे २००९ साल जरूर पाहावे.

कामगार कोण असणार?

आखाती देशांपुढे ‘स्थानिकांना नोकऱ्या मिळतील का’ हा प्रश्न पहिली अनेक वर्षे फारसा नव्हताच. काम करायला बाहेरून माणसे आणली गेली, त्यांत भारतीय सर्वाधिक. एकट्या अमिरातीत ३५ लाखांहून अधिक भारतीय राहतात. करार संपला, व्हिसा संपला की बहुतेकांना परतावे लागते. कामगाराचे म्हातारपण, त्याच्या मुलांचे शिक्षण, आजारपण याचा मोठा भार त्याच्या मूळ गावावरच पडतो. आखाती वसाहतींच्या स्वस्ताईत हा न दिसणारा वाटा आहे आणि तो सातारा-सांगलीने अनुकरण करावा असा नाही.

इथे कारखाना हवा आहे तोच मुळी पोरांना पुण्याला जावे लागू नये म्हणून. माणदेशातून बाहेर पडण्याची परंपरा जुनी आहे. माण, आटपाडी, खानापूर भागातले गलाई कारागीर सोने-चांदी शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी देशभरातल्या सराफ बाजारांत पसरले, ते दुष्काळामुळेच. सरकारी सवलत घेणाऱ्या उद्योगांनी ८० टक्के जागा स्थानिकांना द्याव्यात, असा राज्याचा निर्णय आहे. पण कंत्राटी भरतीत तो कसा विरघळतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. कारखान्याला लागणारे काम आणि तालुक्याच्या आयटीआयमध्ये शिकवले जाणारे काम एक नसेल तर टक्केवारीचा नियम कागदावरच राहतो. कोणते उद्योग येणार हे आधी ठरले, तर अभ्यासक्रम दोन वर्षे आधी बदलता येतील.

इथले ‘तेल’ कोणते?

सातारा जिल्ह्यात कोयना धरण आहे आणि त्याच्या पाण्यावर १,९६० मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प चालतो. पाटणच्या वनकुसवडे पठारावर आणि सांगलीच्या ढालगाव परिसरात पवनचक्क्यांची रांग आहे. माणदेशात ऊन तर वर्षभर. म्हणजे जुबैलला जो वायू होता, तशी ऊर्जा इथेही आहे. पण ती राज्याच्या ग्रीडमध्ये जाते आणि इथल्या कारखानदाराला वीज मिळते ती राज्यभराच्या दराने. हे दर शेजारच्या राज्यांपेक्षा चढे असल्याची उद्योजकांची जुनी तक्रार आहे. म्हसवडला वारा आणि सूर्याची वीज थेट, १५-२० वर्षांच्या ठरलेल्या दराने देण्याचे ठरवले, तर पुण्याजवळची जागा सोडून कोणी इथे का यावे, याला काहीतरी उत्तर मिळेल. आज ते नाही.

दुसरे बळ शेतमालाचे. सांगलीची हळद आणि बेदाणा, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. तासगाव-मिरजेची द्राक्षे आखातात जातात. भारत आणि अमिराती यांच्यातील व्यापक आर्थिक भागीदारी करार १ मे २०२२ पासून लागू झाला आणि अनेक भारतीय वस्तूंवरचे शुल्क तिथे उतरले. तरीही सांगलीचा बराच माल पोत्यात आणि खोक्यात जातो. पॅकिंग, मिश्रण आणि ब्रँडचा पैसा दुसरीकडे होतो. जेबेल अलीतल्या गोदामांचे एक मोठे काम हेच आहे, इतरांचा माल घ्यायचा, नव्या वेष्टनात भरायचा आणि पुढे पाठवायचा.

अडचण बंदराची. म्हसवडपासून उरणचे जवाहरलाल नेहरू बंदर सुमारे तीनशे किलोमीटरवर. म्हसवडला रेल्वे नाही, सातारा-पंढरपूर रस्ता आहे. कवठेमहांकाळजवळ रांजणी येथे ड्रायपोर्ट करण्याची चर्चा कित्येक वर्षे चालली आहे. कंटेनर तिथेच सीमाशुल्क तपासून रेल्वेने थेट बंदरात जाऊ लागला, तर सांगलीच्या द्राक्ष बागायतदारापासून कुपवाडच्या ओतकामवाल्यापर्यंत सर्वांना उपयोग होईल. दोन्ही जिल्ह्यांच्या लोकप्रतिनिधींनी जोर लावायचा तर आधी याला लावावा. नवी जमीन घेण्यापेक्षा हे काम कमी वादाचे आहे.

पाण्याचा प्रश्न तर टाळताच येणार नाही. दुबईने समुद्र गोडा केला. म्हसवडला समुद्र नाही. कृष्णेचे उचललेले पाणी शेतीसाठी किती, गावांसाठी किती आणि कारखान्यांसाठी किती, याचा लेखी वाटा नोटिसा निघण्याआधी जाहीर व्हायला हवा. कमी पाण्याचे उद्योग आणि सांडपाण्याचा पुनर्वापर ही तिथे भूखंड देण्याची पहिली अट असावी.

केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये देशात १२ नव्या औद्योगिक शहरांना मंजुरी दिली. त्यात महाराष्ट्रातून रायगडचे दिघी होते, म्हसवड नव्हते. याची खंत साताऱ्यात व्यक्त झाली तर नवल नाही. पण दिघीला बंदर आहे. म्हसवडकडे आज दाखवण्यासारखी ना रेल्वे आहे, ना स्वतंत्र वीजदर, ना पाण्याचा ठरलेला वाटा. यातल्या वीजदराचा आणि पाण्याचा निर्णय तर मुंबईतच, राज्य पातळीवर होऊ शकतो. त्यासाठी दिल्लीच्या यादीची वाट पाहावी लागत नाही.